मेसेंब्रिया का पडलं? ८१२ सालच्या एका वेढ्याची उकल

५ नोव्हेंबर ८१२. कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, राजवाड्यात बातमी येऊन थडकली, काळ्या समुद्राकाठचं मेसेंब्रिया बल्गारांनी घेतलं. राजधानीपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपासचं हे ठाणं. चारच दिवस आधी, १ नोव्हेंबरला, सम्राट मिखाएल पहिला रांगाबे याने राजधानीत धर्मगुरू, बिशप आणि सल्लागार यांना बोलावून बल्गारांशी तह करावा की नाही यावर खल केला होता. तह नको, असं ठरलं होतं. हा खल चालू होता तेव्हा मेसेंब्रियाला वेढा पडून पंधरवडा उलटला होता.

बातमी धक्कादायक होती, आणि ती तशी का होती हे आधी समजून घ्यायला हवं. बल्गार हे मुळात घोड्यावरचे लोक. उघड्या रानात, डोंगरातल्या खिंडीत त्यांच्याशी गाठ पडली तर भल्याभल्या फौजांची दाणादाण उडे. पण तटबंदी फोडणं हे त्यांचं काम नव्हे, अशी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या, लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. त्यातून मेसेंब्रिया तीन बाजूंनी पाण्याने वेढलेलं. बल्गारांकडे लढाऊ आरमार नव्हतंच. शत्रूपाशी जहाजं नसतील तर समुद्रकाठच्या किल्ल्याची रसद तोडता येत नाही. धान्य, माणसं, शस्त्रं मागच्या दाराने येत राहतात. असं ठाणं वर्ष वर्ष झुंजू शकतं. मेसेंब्रिया ऑक्टोबरच्या मध्यावर वेढलं गेलं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पडल्याची बातमी राजधानीत होती.

हे झालं कसं? उत्तर तटाच्या उंचीत किंवा सैन्याच्या आकड्यांत शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. उत्तर आहे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पळून गेलेल्या माणसांत. या वेढ्याची अख्खी गोष्टच फरारी माणसांभोवती फिरते. किल्ला त्यांच्यामुळे पडला, आणि तहही त्यांच्यावरूनच मोडला.

जागा

मेसेंब्रिया म्हणजे आजचं बल्गेरियातलं नेसेबर. समुद्रात घुसलेलं एक खडकाळ द्वीपकल्प, साधारण ८५० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद. जमिनीला ते एका अरुंद पट्टीने जोडलेलं. थ्रेसियन लोकांची वस्ती इथे आधीपासून होती, पुढे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीकांनी वसाहत केली. पट्टी जिथे गावाला भिडते तिथे पाचव्या-सहाव्या शतकातल्या तटाचे अवशेष आजही दिसतात. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला हल्ला करायला तेवढं एकच तोंड.

पण या गावाची खरी किंमत नकाशा पाहिला की कळते. बाल्कन पर्वताची रांग, तेव्हाचं नाव हेमस, पश्चिमेकडून येत येत शेवटी एमिने या भूशिरापाशी समुद्रात उतरते. मेसेंब्रिया तिच्या लगेच दक्षिणेला. डोंगराच्या उत्तरेला बल्गारांचा मुलूख, दक्षिणेला बायझंटाइन साम्राज्याचा थ्रेस प्रांत, आणि त्या दोहोंच्या सांध्यावर हे बंदर. किनाऱ्याच्या वाटेने कोण येतंय जातंय यावर इथून नजर ठेवता येई, आणि बल्गारांशी लढाई जुंपली की सम्राटाचं आरमार याच किनाऱ्यावर माणसं आणि घोडे उतरवी. शांततेच्या दिवसांत इथे व्यापार चाले. मेसेंब्रियात बसणाऱ्या जकात अधिकाऱ्यांच्या शिशाच्या मोहरा सापडल्या आहेत.

बल्गार राज्याच्या जन्माशीही या गावाचा संबंध आहे. ६८० साली डॅन्यूबच्या मुखाशी असपारुख खानाच्या टोळीला हुसकावायला सम्राट कॉन्स्टंटाइन चौथा मोठी फौज घेऊन गेला होता. पायाच्या सांधेदुखीने तो हैराण झाला, आणि फौज तिथेच सोडून, पाच युद्धनौका बरोबर घेऊन उपचाराच्या स्नानासाठी मेसेंब्रियाला निघून आला. मागे राहिलेल्या घोडदळात आवई उठली की सम्राट पळाला. फौजेचा धीर सुटला, बल्गारांनी पाठलाग केला, आणि पुढच्या वर्षी साम्राज्याला त्यांच्याशी तह करून त्यांचं राज्य मान्य करावं लागलं.

एक खजिनदार आणि एक खान

आता आपल्या गोष्टीतली दोन माणसं. पहिला म्हणजे सम्राट निकेफोरोस. तो गादीवर आला ८०२ साली, सम्राज्ञी आयरीनला बाजूला सारून. त्याआधी तो साम्राज्याच्या खजिन्याचा मुख्य अधिकारी होता, आणि सम्राट झाल्यावरही त्याचं लक्ष हिशेबावरच राहिलं. कर वाढवले, सवलती काढून घेतल्या, मठांच्या मिळकतींनाही हात घातला. तिजोरी भरली, लोक दुखावले.

दुसरा म्हणजे क्रुम, बल्गारांचा खान. बायझंटाइन लेखकांनी त्याचं चित्र रानटी राक्षसासारखं रंगवलं आहे. त्याची पुढची वाटचाल पाहिली तर मात्र दिसतो तो थंड डोक्याचा, शिकायला तयार असलेला राज्यकर्ता. कोणती गोष्ट आपल्याकडे नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

८०९ च्या वसंतात क्रुमने स्ट्रुमा नदीकाठी बायझंटाइन फौजेवर झडप घातली. सैनिकांच्या पगाराचं १,१०० पौंड सोनं त्याने उचललं. आजच्या मापात सुमारे साडेतीनशे किलो. त्याच वर्षी ईस्टरच्या आधी त्याने सर्दिका, म्हणजे आजचं सोफिया, फसवून ताब्यात घेतलं आणि तिथल्या ६,००० सैनिकांची कत्तल केली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सर्दिकाचे तट त्याने फोडले नाहीत. ८०९ मध्ये मोठं शहर घ्यायचं तर त्याला कपटाचाच आधार होता.

सर्दिकातून काही अधिकारी जीव वाचवून निसटले. परत जावं तर शहर गमावल्याबद्दल शिक्षा होणार ही भीती. त्यांनी सम्राटाकडे अभयवचन मागितलं. निकेफोरोसने ते दिलं नाही. मग त्यांतले काही शत्रूकडे गेले. त्यांच्यात एउमाथिओस नावाचा एक अधिकारी होता, आणि तो युद्धयंत्रांचा जाणकार होता.

शत्रूकडे गेलेला दुसरा माणूस निनावी आहे. वृत्तांतात त्याच्याबद्दल एवढंच मिळतं की तो अरब होता, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेला होता आणि यंत्रं बांधण्यात निष्णात होता. निकेफोरोसने त्याला सीमेवरच्या एड्रियानोपल शहरात, आजच्या एदिर्नेमध्ये, नेमलं. त्याच्या गुणांप्रमाणे मोबदला तर दिला नाहीच, उलट पगार कापला. तो कुरकुरला तेव्हा त्याला बेदम मार दिला. तो माणूस उठला आणि बल्गारांकडे गेला. सगळ्या प्रकारची यंत्रं बांधायचं शिक्षण त्याने त्यांना दिलं.

हे आपल्याला सांगतो थिओफानेस हा भिक्षू. त्या वर्षांचा सर्वांत महत्त्वाचा ग्रीक वृत्तांत त्याचा आहे, ८१३ पर्यंत येऊन थांबणारा. मात्र निकेफोरोसवर त्याचा मनापासून राग होता. करांमुळे आणि मठांच्या मिळकतींमुळे त्या सम्राटाबद्दल त्याच्या लेखणीतून चांगला शब्द निघत नाही. त्यामुळे पगार कापल्याची आणि माराची हकीकत त्याने तिखटमीठ लावून सांगितली असेल, हे धरून चालावं. पण माणसं पळून गेली, हे मूळ खोटं नसावं. कारण त्याला आधार बल्गारांच्याच बाजूने मिळतो. बल्गेरियात हंबार्ली शिलालेख म्हणून ओळखला जाणारा एक दगड सापडला आहे, ८१३ च्या सुमाराचा, ग्रीक भाषेत कोरलेला. क्रुमच्या सैन्याची रचना त्यात दिली आहे: कोणता भाग कोणाच्या हाताखाली, कोण कोणाचा वरिष्ठ. त्यात बल्गार सरदारांच्या हाताखालचे सेनाधिकारी म्हणून बार्दानेस, यानिस, कोर्दिलेस, ग्रिगोरास ही नावं येतात. ही नावं बल्गारांची नाहीत, साम्राज्यातल्या माणसांची आहेत. खानाच्या सैन्यात बायझंटाइन अधिकारी होते, आणि खानाला ते दगडावर कोरून ठेवण्याइतकं महत्त्वाचं वाटलं.

या यादीत आणखी एक नाव घालायला हवं. ८११ च्या उन्हाळ्यात निकेफोरोस स्वतः क्रुमवर चालून निघाला तेव्हा मार्सेलाई इथल्या छावणीतून त्याच्याच खाजगीतला बिझांतिओस नावाचा सेवक सम्राटाचा पोशाख आणि १०० पौंड सोनं घेऊन क्रुमकडे पळाला.

त्या मोहिमेचा शेवट प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. निकेफोरोसने बल्गारांची राजधानी प्लिस्का जिंकून जाळली. तू जिंकलास, हवं ते घे आणि निघून जा, असा क्रुमचा निरोप त्याने धुडकावला. परतीच्या वाटेवर बल्गारांनी लाकडांचे अडथळे घालून खिंड बंद केली आणि २६ जुलै ८११ रोजी पहाटे सम्राटाच्या छावणीवर तुटून पडले. निकेफोरोस मारला गेला. ३७८ साली वालेन्स पडला त्यानंतर लढाईत मेलेला हा पहिला सम्राट. क्रुमने त्याच्या कवटीला चांदी मढवून प्याला केला आणि त्यातून स्लाव सरदारांना मद्य पाजलं. सम्राटाचा मुलगा स्टाउराकिओस त्याच लढाईत जबर जखमी झाला. त्याला दूर करून ऑक्टोबर ८११ मध्ये त्याचा मेहुणा मिखाएल गादीवर बसला.

तहाची चार कलमं

मिखाएल स्वभावाने मऊ होता. निकेफोरोसने आवळून धरलेली तिजोरी त्याने चर्च आणि दरबाऱ्यांसाठी सैल सोडली, आणि सल्ल्यासाठी तो मठातल्या लोकांकडे बघत असे. ८१२ मध्ये क्रुमने देवेल्तोस हे सीमेवरचं शहर घेतलं आणि तिथली सगळी वस्ती बिशपसकट उचलून आपल्या मुलखात नेली. मिखाएल जूनमध्ये फौज घेऊन निघाला, पण बरोबर सम्राज्ञी प्रोकोपियाही काही अंतर आली होती. याने सैनिक बिथरले, बंडाची भाषा सुरू झाली, आणि मोहीम तिथेच विरली. ती बातमी पसरल्यावर थ्रेसमधल्या अनेक गावांतले लोक घरंदारं टाकून पळाले. अँकियालोस, बेरोए अशी तटबंदीची शहरंसुद्धा ओस पडली.

अशा वेळी क्रुमने तहाची बोलणी सुरू केली. त्याचा वकील होता दार्गामेर, नावावरून पाहता स्लाव. आणि मागणी नवी नव्हती. ७१६ साली सम्राट थिओडोसिओस तिसरा आणि तेव्हाचा खान यांच्यात जो करार झाला होता, तोच पुन्हा करा, एवढंच क्रुमचं म्हणणं. त्या करारात चार गोष्टी होत्या. थ्रेसमधली मेलेओना इथून जाणारी सीमा. दरवर्षी ३० पौंड सोन्याच्या किमतीची वस्त्रं आणि लाल रंगवलेली कातडी. दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांकडे परवाने आणि मोहरा असाव्यात. ज्याच्याकडे मोहर नाही त्याचा माल जप्त. आणि चौथं, एकमेकांकडे पळून आलेल्यांना परत करावं, जरी ते आपल्या राजाविरुद्ध कट करून पळाले असले तरी.

सोन्याचा आकडा बघा. तीस पौंड म्हणजे दहा किलोच्या आत. तीन वर्षांपूर्वी क्रुमने एका झडपेत याच्या पस्तीसपटीहून जास्त सोनं लुटलं होतं. खंडणीवरून तह अडायचं काही कारणच नव्हतं, आणि अडलाही नाही. व्यापाराचं कलम तर दोघांच्याही फायद्याचं होतं. गाडं अडलं ते चौथ्या कलमावर.

क्रुमने जोडीला धमकीही दिली होती. तह केला नाही, तर मेसेंब्रियावर येतो. म्हणजे या हल्ल्यात अचानक असं काहीच नव्हतं. कोणतं शहर, कशासाठी, हे आधी सांगून तो आला. सम्राटाने तहाला नकार कळवला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर क्रुमने मेसेंब्रियासमोर यंत्रं उभी केली.

आता परत १ नोव्हेंबरच्या त्या बैठकीकडे वळू. सर्वोच्च धर्मगुरूंचं नावही निकेफोरोसच. ते तहाच्या बाजूने होते. नायसिया आणि सिझिकस इथले बिशपही बैठकीत होते. सम्राटाचा स्वतःचा कल तहाकडेच होता असं थिओफानेस सांगतो. विरोध केला काही सल्लागारांनी आणि त्यांच्या जोडीला थिओडोर याने. थिओडोर म्हणजे राजधानीतल्या स्टुडिओस मठाचा प्रमुख, आणि त्या काळातला मोठा वजनदार माणूस. त्याचा आधार होता बायबलमधलं येशूचं वचन: जो माझ्याकडे येतो त्याला मी बाहेर घालवणार नाही. आश्रयाला आलेल्या माणसाला मरणाच्या दारात परत ढकलून मिळवलेली शांतता ही शांतताच नव्हे, असा त्याचा मुद्दा.

हा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. बल्गारांकडून साम्राज्यात आलेले फरारी हे बहुधा खानाशी बिनसलेले सरदार असत. परत पाठवले तर त्यांचं काय होणार हे उघड होतं. थिओडोर हा तत्त्वासाठी हद्दपारी भोगलेला माणूस होता. एका सम्राटाचा दुसरा विवाह धर्माला धरून नाही, एवढ्या एका मुद्द्यावर तो वर्षानुवर्षं सत्तेशी झगडला होता. दुसऱ्या बाजूला थिओफानेसचा प्रतिवादही तितकाच जड आहे. मूठभर परक्यांसाठी तुम्ही आपल्या हजारो लोकांना शत्रूच्या तोंडी देता, स्वतःच्या माणसांची काळजी न घेणं हे कुठल्या धर्मात बसतं, असा त्याचा रोख आहे. एकाच श्रद्धेचे, एकाच शहरातले दोन भिक्षू, दोघेही शास्त्राचाच आधार घेतात, आणि दोघांची उत्तरं उलट येतात.

या सगळ्या खलात एका गोष्टीचा उल्लेख मला दिसत नाही. ते कलम दुतर्फा होतं. एउमाथिओस आणि तो अरब कारागीर हेही पळून गेलेलेच होते. ७१६ चा करार पुन्हा अमलात आला असता तर निदान कागदावर तरी त्यांना परत मागण्याचा हक्क साम्राज्याला मिळाला असता. क्रुमने त्यांना दिलं असतं की नाही हा वेगळा प्रश्न. माझा अंदाज आहे की नसतं दिलं. पण आपल्याकडून कोण गेलं आणि ते काय घेऊन गेलं, याची किंमत त्या बैठकीत कोणी मोजली होती असं दिसत नाही.

वेढा

मेसेंब्रियाच्या तटाखाली प्रत्यक्षात काय घडलं याबद्दल थिओफानेसने फार थोडं लिहिलं आहे. त्याने सांगितलं ते असं: यंत्रं लागली, त्या अरबाने सगळी कला बल्गारांना शिकवलेली होती, बाहेरून कोणीही प्रतिकाराला आलं नाही, आणि शहर पडलं.

त्या काळातली यंत्रं म्हणजे काय, हे मात्र इतर वृत्तांतांवरून सांगता येतं. मुख्य हत्यार होतं दगडफेकीचं. लाकडी चौकटीवर एक लांब तुळई आडवी, मध्याच्या एका बाजूला सरकवून टेकवलेली. आखूड टोकाला दोर, लांब टोकाला गोफण. दहा-वीस माणसं, मोठ्या यंत्राला त्याहून जास्त, एका इशाऱ्यावर दोर खाली खेचतात. लांब टोक उसळून वर जातं आणि गोफणीतला दगड सुटतो. ऐकायला सोपं. पण तुळईचं लाकूड कोणतं, टेकण नेमकी कुठे, गोफणीची लांबी किती, तिचं एक टोक कोणत्या क्षणी सुटावं, यात जरा चूक झाली की दगड आपल्याच माणसांवर येतो किंवा तटापर्यंत पोचतच नाही. हे ज्ञान हातांत असतं. बांधणाऱ्याच्या शेजारी उभं राहून, चुका करत शिकावं लागतं. म्हणून यंत्र लुटून आणण्यापेक्षा यंत्र बांधणारा माणूस मिळणं हजार पटींनी मोलाचं. जोडीला मेंढे म्हणजे दरवाजावर आदळायचे लाकडी ओंडके, त्यांच्यावर ओल्या कातड्यांची छपरं, आणि शिड्या. हे सगळं एका वेळी, एका क्रमाने चालवणं हीसुद्धा शिकायचीच गोष्ट.

आणि असं पहिल्यांदाच घडत नव्हतं. याच भागात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी, ५८७ च्या सुमारास, डॅन्यूबकाठच्या अप्पियारिया गावाजवळ आवार या भटक्या घोडेस्वार लोकांनी बुसास नावाचा एक रोमन सैनिक पकडला. खंडणी द्या, नाहीतर मारतो, असं त्यांनी गावाला सांगितलं. बुसासने तटाखालून आपल्या जखमा दाखवून विनवण्या केल्या. त्याच्या बायकोशी संबंध असलेल्या एका माणसाने गावकऱ्यांना फितवलं, आणि गावाने पैसे द्यायला नकार दिला. तेव्हा बुसासने आवारांना यंत्र बांधायला शिकवलं आणि पहिलं पडलं ते त्याचंच गाव. इतिहासकार थिओफिलाक्ट सिमोकाट्टा याने ही हकीकत नोंदवली आहे. तपशील गोष्टीसारखे घोटीव झालेले असतील. तरी कुशल माणूस दुखावून दुसरीकडे गेला तर काय होतं, याची या साम्राज्याला ओळख नव्हती असं म्हणता येणार नाही.

राहता राहिला समुद्राचा प्रश्न. मागचं दार उघडं होतं, तरी मदत आली नाही. उन्हाळ्यातल्या मोहिमेत सैनिक बिथरलेले, थ्रेसची शहरं ओस, राजधानीत वाद, वरून हिवाळ्याच्या तोंडाशी खवळलेला काळा समुद्र. यांतलं काय किती आड आलं हे तोलता येत नाही. पण द्वीपकल्पावरचा किल्ला हा जहाजांच्या भरवशावरच उभा असतो. जहाजं आली नाहीत तर तीन बाजूंचं पाणी हे संरक्षण न राहता पिंजऱ्याची भिंत होतं.

४ नोव्हेंबरला राजधानीच्या आकाशात धूमकेतू दिसला. कधी दोन चंद्र जुळल्यासारखा, कधी विलग झाल्यासारखा, आणि मग मुंडकं नसलेल्या माणसाच्या आकाराचा, असं त्याचं वर्णन आहे. दुसऱ्या दिवशी मेसेंब्रियाची बातमी आली.

३६ पितळी नळ्या

मेसेंब्रिया आणि देवेल्तोस इथे बल्गारांना काय मिळालं ते थिओफानेस एका दमात सांगतो. माणसाला वस्तीसाठी लागणाऱ्या सगळ्या वस्तू, पुष्कळ सोनं आणि चांदी, आणि ३६ पितळी नळ्या, त्यांतून मारायच्या द्रव अग्नीच्या भरपूर साठ्यासह.

हा द्रव अग्नी म्हणजे ज्याला आपण ग्रीक अग्नी म्हणून ओळखतो तो. ६७२ च्या सुमारास सीरियातल्या हेलिओपोलिसहून पळून आलेल्या कॅलिनिकोस नावाच्या कारागिराने तो बायझंटाइन लोकांना दिला. म्हणजे साम्राज्याचं सर्वांत धाकाचं हत्यारही मुळात शत्रूच्या मुलखातून आलेल्या माणसाचीच देणगी. त्याच्या बळावर अरबांची आरमारं राजधानीच्या दारातून परतवली गेली होती. पाण्यावरही जळत राहणारी ही आग नळीतून फवारली जाई. नेमकी कृती साम्राज्याने इतकी जपली की पुढे ती हरवूनच गेली. खनिज तेल हा तिचा मुख्य घटक असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मग क्रुमच्या हातात छत्तीस नळ्या आणि भरपूर तेल आल्यावर साम्राज्याची झोप उडायला हवी होती. पण बल्गारांनी हा अग्नी वापरल्याची नोंद कुठेच नाही. कारण, मला वाटतं, रॉकेलच्या पंपाच्या स्टोसारखं होतं. अभ्यासकांनी बांधलेल्या एका अंदाजानुसार तेल बंद भांड्यात तापवत, पंपाने दाब देत, आणि मग तोटीशी पेटवून झोत सोडत. स्टो हाती आला तरी किती तापवायचं, किती पंप मारायचा, तोटी कधी उघडायची हे ठाऊक नसेल तर भडका आपल्याच तोंडावर उडतो. आणि डबा संपला की नवं तेल आणायचं कुठून हेही माहीत हवं. ती माहिती नळ्यांबरोबर मिळाली नाही. या वेळी ते चालवणारा माणूस पळून आलेला नव्हता.

साम्राज्याने हा धडा नीट गिरवलेला दिसतो. दहाव्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा आपल्या मुलासाठी राज्यकारभाराची शिकवण लिहितो. त्यात तो बजावतो की परक्यांनी हा अग्नी मागितला तर सांग, तो देवदूताने पहिल्या कॉन्स्टंटाइनला दिला आहे आणि दुसऱ्या कुणाला देण्याची मनाई आहे. लाच घेऊन तो परक्यांना देऊ पाहणाऱ्या एका सेनापतीला चर्चमध्ये शिरताना आकाशातून आग पडून जाळलं, हेही तो सांगतो.

पुढचं वर्ष, आणि एक फुटका दगड

मेसेंब्रियानंतर घटना भराभर घडल्या. २२ जून ८१३ रोजी व्हर्सिनिकिया इथे मिखाएलची फौज उधळली गेली. त्याने गादी सोडली, सेनापती लिओ आर्मेनियन सम्राट झाला. क्रुम थेट कॉन्स्टँटिनोपलच्या भिंतींसमोर येऊन उभा राहिला. बोलणी करायच्या बहाण्याने त्याला ठार मारायचा लिओचा डाव फसला, आणि चिडलेल्या खानाने आसपासचा मुलूख जाळला. मग एड्रियानोपल पडलं. ज्या शहरात त्या अरब कारागिराला मार बसला होता, तेच हे शहर. तिथल्या लोकांना डॅन्यूबपलीकडे नेण्यात आलं.

चार वर्षांपूर्वी सर्दिका घ्यायला कपटावाचून उपाय नसलेल्या खानाची तयारी आता कुठवर गेली होती हे एका निनावी ग्रीक वृत्तांतात मिळतं. ८१४ मध्ये राजधानीवर चालून जाण्यासाठी तो दगडफेकीची यंत्रं, मेंढे, शिड्या जमवत होता. ती वाहायला लोखंडाने मढवलेल्या ५,००० गाड्या आणि १०,००० बैल होते म्हणे. आकडे फुगवलेले असू शकतात. ती मोहीम निघालीच नाही. १३ एप्रिल ८१४ रोजी क्रुम मेला.

त्याचा मुलगा ओमुर्ताग याने ८१५-१६ च्या सुमारास साम्राज्याशी तीस वर्षांचा तह केला. मेसेंब्रिया पुढेही कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे हेलकावत राहिलं. १३६६ मध्ये सॅव्हॉयच्या आमादेउसने बल्गारांकडून जिंकून ते बायझंटाइन लोकांना परत दिलं, आणि १४५३ मध्ये, राजधानी पडली त्याच वर्षी, ते उस्मानी तुर्कांकडे गेलं. आज जुनं नेसेबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, १९८३ पासून.

ओमुर्तागच्या तहाची कलमं एका दगडी खांबावर कोरली होती. तो सुलेमानक्योय इथे सापडला, फुटलेला. अकरा कलमांपैकी वाचता येतात ती पहिली चारच. पहिलं सीमेचं. दुसरं आणि तिसरं स्लाव लोकांचं: सम्राटाच्या अमलाखालचे कुठे राहतील, किनाऱ्यावरचे बाकीचे कुठे जातील. चौथं माणसांच्या अदलाबदलीचं. अधिकाऱ्यांसाठी दर्जाप्रमाणे मोबदला, साध्या माणसांसाठी जिवास जीव, किल्ल्यात पकडलेल्यांसाठी दोन रेडे. त्यापुढे, सेनापती पळून गेला तर काय, याचं वाक्य सुरू होतं, आणि त्याच ठिकाणी दगड तुटला आहे.